पेटीतलं जपानी चित्र

रविवार, संध्याकाळ

नात इराने आज शाळेचं जपानी चित्रांचं पुस्तक दाखवलं. आजीला शिकवतेय, मजाच वाटली. तिकडे म्हणे पूर्वीपासून लांबट चित्र भिंतीला टांगतात, ऋतू सरला की गुंडाळून पेटीत. म्हटलं, अगं, आपल्या गौरींचे मुखवटे तसेच, तीन दिवस मिरवून परत ट्रंकेत. हसली आणि फोन घेऊन खोलीत गेली.

फ्लॅट गप्प झाला. या परक्या देशात राहायचा माझा पास शनिवारी संपतो, मग पुण्यात एकटी. ते पेटीतलं चित्र काही मनातून जाईना. दारातून विचारलंच, "पेटीत विसरत नाहीत ना गं त्याला?"

"नो लाह, आजी," इरा इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली. "नेक्स्ट इयर सेम चित्र, सेम भिंत."

बरं वाटलं. बॅग भरली, पण निळी साडी इथल्याच खुंटीवर राहू दिली.