झाकणाच्या आतली खूण

बाबूजी, आज तुमच्यावरचा राग काढायला बसलो आहे. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली, राग काही गेला नाही, आणि सकाळपासून तर डोकं ठिकाणावर नाही. मालगुजाराची ती सोन्याची मनगटी घडी पुन्हा दुकानात आली आहे. म्हातारा मालगुजार तुमच्यामागून गेला, आता ती त्याच्या मुलाच्या हातावर असते.

या जमीनदार लोकांचं मला कधी कळलंच नाही. कलकत्त्याहून एवढी किमती घडी आणायची, चारचौघांत बाही वर करून मिरवायची, आणि तीच हातात ठेवून बोदलकशाच्या तलावात मासा धरायला कोपरापर्यंत हात घालायचा. धानाच्या गिरणीत कोंडा उडतो तिथेही ती मनगटावर. वर आपल्यालाच विचारायचं, एवढी महागाची घडी बिघडतेच कशी? तुम्ही म्हणायचे, "मालक, महागाच्या बैलालेही चारा लागते. दोन वर्सात एकदा तेल तरी टाकू द्या." मालगुजार हसायचा आणि घडी बंद पडल्यावरच उगवायचा. चूक नेहमी कारागिराची.

तो दिवस आठवतो. भर दुपार आहे, मालगुजार समोरच्या बाकावर पान चघळत बसला आहे. घडीतल्या चाकाला अडवत-सोडत राहणाऱ्या बारीक लिव्हरवरचा तांबडा खडा निसटला आहे, तांदळाच्या कणीहून बारीक, आणि तो लाखेने परत बसवायचा आहे. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, हे आपल्या दोघांनाच ठाऊक. तुम्ही भिंग लावून नुसते वाकून बसलात आणि लिव्हर टेबलाखालून माझ्या हातात दिलात. तीस वर्षांचा बाप्या मी, आणि चोरून काम करत होतो. टेबलाच्या आडोशाला दिव्यावर पितळी पट्टी तापवली, लाख ठेवली, खडा बसवला.

"काऊन घाई करून राहिला?" तुम्ही हळूच म्हणालात. "लाख करपली का ठिसूळ होते. पुन्हा कर."

"बसला पक्का," मी म्हणालो.

घडी मिटण्याआधी तुम्ही सुई घेतलीत आणि झाकणाच्या आत, चाचपत, तुमची खूण कोरलीत, तीन रेघा आणि एक टिंब, खाली तारीख. ज्याने काम केलं त्याची खूण, म्हणजे पुढच्या कारागिराला कळतं कोणाला विचारायचं. हे तुम्हीच मला शिकवलेलं. मालगुजार गेल्यावर मी भांडलो. "काम माह्यं, मंग खूण तुमची कायले?"

"त्याले माह्याच हातची घडी पाहिजे. तू गप राह्य."

त्या रात्री मी जेवलो नाही. आणि खरं सांगतो, तुम्ही असेपर्यंत एकाही सोन्याच्या घडीत मला खूण कोरू दिली नाहीत, हे मी अजून विसरलो नाही. गावभर लोक म्हणायचे, म्हाताऱ्याचा हात अजून काय स्थिर आहे. मी शेजारीच बसून ऐकायचो.

आज झाकण उघडलं. तोच खडा हलत होता. खालची लाख काळी पडली होती, करपलेल्या गुळासारखी, चिमटा लागताच भुगा झाली. मालगुजाराचा मुलगा माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होता. "खूण तं तुमच्या बाबूजीचीच हाय ना? कच्चं काम केलतं का त्यायनं?"

मी भिंग डोळ्यावरून काढलं नाही. म्हणालो, "वय झालतं त्यायचं. डोळे गेलते."

जे तुम्ही मरेपर्यंत झाकलंत, ते मी एका वाक्यात उघडं केलं, तेही माझी चूक झाकायला. तो मान हलवून निघून गेला, घडी उद्या नेणार आहे. मी खडा काढला, मंद आचेवर सावकाश बसवला, थंड होऊ दिला. मग विचार आला, तुम्हाला दिसत नव्हतं, पण करपल्याचा वास तर आला होता. तरी सुई तुम्हीच घेतलीत. आता यावर तुमच्याशी भांडायचं तरी कसं?

तुमच्या खुणेखाली मी माझी खूण कोरली आहे. तारीख आजची नाही, त्या दुपारची टाकली. पुढे कोणी कारागीर उघडेल तर त्याला कळेल, तेव्हाचं कच्चं काम कोणाचं होतं. मालगुजाराच्या मुलाला तुमचीच खूण ओळखता येते, माझी नाही, म्हणूनच कोरायचा धीर झाला.