उन्हाळ्यातली लाखोळी

आई, भंडाऱ्याच्या घरात मागच्या खोलीत मी आता भाजी पिकवते. मातीशिवाय. हे ऐकून तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. खिडक्या बंद, वर जांभळट दिवे, पांढऱ्या पाइपांतून खताचं पाणी फिरतं आणि त्यात रोपांची मुळं लोंबतात. खोली तापली किंवा पाणी बिघडलं की सेन्सर माझ्या मोबाइलवर कोकलतो. सॅलडची पानं नागपूरच्या हॉटेलांत जातात. बाबा म्हणतात, "दवाखान्यात भरती केल्यावानी ठेवली वं भाजी तू." या खोलीत उन्हाळा-हिवाळा काही नसतो. कोणत्याही महिन्यात काहीही पेरा.

म्हणूनच जवाहरनगरच्या क्वार्टरमधला तुझा शेवटचा उन्हाळा छळत राहतो. तोंडाची चव गेलेली, कूलरकडे पाठ करून तू पडलेली असतेस आणि एकदम म्हणतेस, "मले लाखोळीची भाजी खावाशी वाटून राहिली. ताजी. वाळवलेली नोको." मी हसते. धान उभं असतानाच बांधीत शिंपायची आणि थंडीत कोवळे शेंडे खुडायचे, ती लाखोळी भर मे महिन्यात कुठून आणू? बाजारातून पालक आणला. तुझ्यासारखाच लसूण, मिरची आणि तांदळाची कणी घालून शिजवला. तू दोन घास खाल्लेस, "चांगली हाये" म्हणालीस आणि ताट हळूच बाजूला सरकवलंस. मी खूश होऊन भांडी घासायला गेले.

ही खोली तेव्हा असती तर, असं मनात येतं आणि फार वाईट वाटतं. यंदा उन्हाळ्यात सानगडीहून मामाकडचं बी आणलं आणि एका ट्रेमध्ये फक्त तुझ्यासाठी लाखोळी पेरली. उगवली, पण दोऱ्यासारखी बारीक आणि उंच. सेन्सरच्या मते सगळं झकास होतं. मग मामाच्या बांधीतली ती सकाळ आठवली. गावातल्या बाया पदराचे ओटे भरून आपली लाखोळी खुडत होत्या, मी चोर-चोर ओरडत धावले आणि तू सगळ्यांसमोर मला दटावलंस. "कायले वरडून राहिली? खुडू दे त्याइले. शेंडा खुडला का बाजूनं फुटते ते. नाही खुडला तं नुसती उंच जाते." मी दिवसभर फुगून बसले होते. आता मीही तुझ्यासारखेच नखानं शेंडे खुडले आणि खरंच, थोड्याच दिवसांत ट्रे गच्च भरला.

काल ती भाजी केली. लसूण, मिरची, कणी, सगळं तेच. बाबांपुढे ताट ठेवलं आणि समोरच बसले. "लाखोळी? या दिवसात?" म्हणत त्यांनी घास घेतला, मग दुसरा. "चांगली हाये," म्हणाले आणि ताट हळूच बाजूला सरकवलं. मग मी खाऊन पाहिली. पानं लाखोळीचीच होती, पण चव काही आली नव्हती.

या पत्राला पत्ता नाही, ते टपालात पडणार नाही. म्हणून लिहून टाकते. आईनं शेवटी माझ्या हातची भाजी आवडीनं खाल्ली, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले. तुझं ते "चांगली हाये" मी कालपर्यंत खरं धरून होते.