अमीरभाईंच्या चपला

इंदिरानगर, नाशिक

ती. सौ. ताईस सोमनाथचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा तो कागदावरच मानून घे).

इगतपुरीत कपडे वाळतात का, की अजून पंख्याखालीच? आता दुःखद बातमी कळवतो, धीर धर: माझ्या चपला गेल्या. नव्या होत्या, जाण्याचं वय नव्हतं. (आई बरी आहे. आयसीयूतून वॉर्डात, वॉर्डातून घरी आली आणि आल्या आल्या वरणात मीठ कमी असल्याचं तिने जाहीर केलं. हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू आधी रडतेस आणि मग मलाच तुझी समजूत काढावी लागते.)

आयसीयूच्या दाराशी पादत्राणं काढायची पाटी आहे. आत जंतू जाऊ नयेत म्हणून. जंतूंचं माहीत नाही, चपला मात्र गेल्या. बाहेरच्या हॉलमध्ये माझ्या शेजारी मालेगावच्या सुरय्याभाभी बसत. त्यांचे मिस्टर अमीरभाई, यंत्रमागावरचे कारागीर, आत व्हेंटिलेटरवर. मला अनवाणी पाहून त्यांनी पिशवीतून अमीरभाईंच्या चपला काढून पुढे ठेवल्या. म्हणाल्या, "भाऊ, ते उठले की परत द्या. तोवर नंगे पाय कशाला फिरता?" उजव्याचा अंगठा उसवलेला, माप माझ्यापेक्षा मोठं. मी घातल्या आणि फटक फटक करत फिरू लागलो.

याच सुमारास तिथे संशोधन अवतरलं. वेदिका नावाची गुणी मुलगी, हातात टॅब. आयसीयूत काळजी कशी घेतात, पेशंट कशा अवस्थेत बाहेर पडतात, याचा अभ्यास. नातेवाइकांनी एक ते पाच गुण द्यायचे. नाव कुणाला कळणार नाही, असं ती परोपरीने सांगे. पण ताई, आपलं माणूस काचेपलीकडे नळ्यांना बांधलेलं असताना काचेअलीकडे बसून कोण दोन गुण देईल? (नवस फिटेपर्यंत देवाचे गुण कुणी कापलेत का?) डॉक्टर नीट समजावून सांगतात का? पाच. (ते लिफ्टकडे चालता चालता बोलत, लिफ्ट आली की समजावणं संपलं.) विचारलं तर उत्तर मिळतं का? पाच. सुरय्याभाभींना यजमानांच्या गळ्याला भोक का पाडलं हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी पाच दिले आणि वर वेदिकाला बिस्किटं दिली. आणि मी? लग्नाच्या पंक्तीत मठ्ठ्यात खोट काढणारा मी, तिथल्या पंख्यालाही पाच देऊन बसलो. तो बंद होता.

मग एका दुपारी भाभींना सांगण्यात आलं, की आता हाती काही उरलं नाही. अशा वेळी माणूस घरी नेतात, शेवटचा श्वास आपल्या उंबऱ्याच्या आत जावा म्हणून. त्यांचा मुलगा फरहान गळ्याच्या नळीला लावलेला हवेचा फुगा हाताने दाबत अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढला. स्ट्रेचरला मी हात लावला होता. खाली नजर गेली तर अमीरभाईंच्या मागे अमीरभाईंच्याच चपला चालत होत्या. भाभींनीही पाहिलं. माझ्याच्याने त्या काढवेनात. दार लागलं.

उंबरा लांबच राहिला. चांदवडच्या घाटातच गेले, असं फरहानने नंतर फोनवर सांगितलं.

वेदिकाच्या टॅबमध्ये त्यांची नोंद आहे (मी डोकावून पाहिली): जिवंत, घरी गेले. आईचीही तीच आहे: जिवंत, घरी गेल्या. दोघं एकाच रकान्यात शेजारी शेजारी. (आई आत्ता आमटीवर बोलते आहे. तिने बोलत राहावं.)

भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सोमनाथ

ता. क. रविवारी इकडे ये आणि दिवसभर आईपाशी बस. पत्र त्यासाठीच लिहिलं. मला मालेगावला जायचंय.

ता. क. आणखी एक. वेदिकाला फोन केला. अमीरभाई वाटेतच गेले, असं लिही म्हटलं. त्यांच्या घरचा फोन तिला लागत नव्हता. माझे ते पाच-पाच गुणही खोड म्हटलं. ती म्हणाली, "काका, तेव्हाच का नाही सांगितलंत?" म्हटलं, "आई आत होती." मग ती म्हणाली, "हेही लिहून घेऊ का?" म्हटलं, घे.

ता. क. शेवटचं. चपलेचा अंगठा शिवून आणला, पॉलिश केलं, कागदात बांधून ठेवल्यात. ते उठले की द्यायच्या, असं ठरलं होतं. रविवारी देऊन येतो.