ऑस्रिक घोड्यांपाशी आहे

बर्नी, १० जून २०१९

चि. क्लाइव्ह यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

डाकेचं विमान आठवड्यातून एकदाच येतं म्हणतोस, म्हणून एका पत्रात सगळं कोंबते आहे. इथे ऐन हिवाळा, थंडीने दात वाजताहेत. बंदरावरच्या क्रेनवर वाऱ्यात उभा जन्म काढलेला मर्व्ह आता माझ्या शेगडीपासून हलत नाही. त्याला उठवायचं तर खेळाला येताना पेटाला मटणाचे पॅटिस आणावे लागतात. तू तिकडे वाळवंटाच्या तोंडाशी गुराख्यांना रांधून घालतोस आणि तुझ्या बहिणीच्या घरी शुक्रवारी करपलेला पाव. चालायचंच.

आपल्या शुक्रवारच्या खेळाच्या टेबलाशी एक नवीन माणूस आलं आहे. लोसा तिचं नाव. मूळची सामोआची, वृद्धाश्रमात नर्स आहे, पेटाच्या आईचं तीच बघते. असला खेळ तिने आयुष्यात पाहिलेला नव्हता. मी समजावलं की इथे सोंगट्या सरकवायच्या नाहीत, प्रत्येकाने गोष्टीतलं एक माणूस व्हायचं, अडलं की फासे टाकायचे, आणि मी खेळ चालवते म्हणजे उरलेलं सगळं जग माझं. ती म्हणाली, मग मी नावाडीण होते. ईला नावाची.

चालू मोहिमेत नवं पात्र घुसवायचं म्हणजे काय कटकट असते ते तुला ठाऊक आहे. आपली मंडळी मिठाच्या खाणीत खोल उतरलेली, तिथे नावाडीण उगवणार कुठून? म्हणून नेहमीसारखं तिला शत्रूच्या कोठडीत बांधून ठेवलं. हिला सोडवायचं आणि पुढे निघायचं, एवढंच काम होतं. पण मर्व्ह आणि पेटाने उलटतपासणीच मांडली. मर्व्हने होता तो दोर आणखी आवळला. म्हणे राक्षसाच्या खाणीत सापडलेल्या बाईची नखं एवढी स्वच्छ कशी? पेटाही त्याच्या सुरात सूर मिसळून मोकळी. बिचारी आख्खी संध्याकाळ बांधलेली बसून राहिली. निघताना तिने हळूच विचारलं की नव्या माणसाशी इथे नेहमी असंच वागतात का. पुढच्या शुक्रवारी बहुतेक ड्यूटी असेल, असंही म्हणाली. तिने घरून पानिकेके, म्हणजे तिकडचे गोड गोळे, तळून आणले होते, त्यातला एकही कुणी उचलला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घर माझं, टेबल माझं.

काहीतरी करायला हवं. तुझा भिक्षू ऑस्रिक खाणीबाहेर घोड्यांपाशी खुशाल आहे. तब्येतीला जप, आणि लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
नॉरीनताई

वॉटल क्रीक, २० जून २०१९

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पाकिटाला तुझ्या शेगडीचा वास होता, ते दोनदा हुंगलं. इथे गुरं हाकून आणायचा हंगाम चालू आहे. पहाटे उठून कणीक तिंबायची, दुपारी खारवलेलं मांस, रात्री तेच खारवलेलं मांस. गुराखी मुलं म्हणतात, कुक, तुझ्या हाताला चव आहे पण एकच आहे.

ईस्टरपासून घेतलेली नाही. तू विचारत नाहीस, म्हणून सांगतो. संध्याकाळी बाकीचे पिण्याच्या शेडमध्ये जातात, मी पायरीवर बसतो आणि ऑस्रिक आत्ता काय करत असेल ते मनात रचतो. मर्व्हने स्वतःच्या खुब्याच्या ऑपरेशनच्या वेळी तो नियम काढला, तेव्हा मी खो खो हसलो होतो. जो टेबलाशी नाही त्याचं पात्र बाहेर घोडे सांभाळणार, आणि परत येईपर्यंत त्याच्या केसाला धक्का लागणार नाही. आता मला त्याचाच आधार आहे. हेलन संसार मोडून गेली, घर गेलं, नोकरी गेली. पण ऑस्रिक तिथे उभा आहे म्हणजे तुमच्या टेबलाशी मीही आहे. हे बावळटासारखं वाटेल, पण आहे ते असं आहे.

लोसाला म्हणावं, धीर धर. मर्व्हला स्वतःच्या सावलीचा भरवसा नाही, पण एकदा आपलं म्हटलं की तो पाठ सोडत नाही. सप्टेंबरअखेर मी घरी येतोय. आहे तो लोभ तसाच ठेव.

तुझा,
क्लाइव्ह

बर्नी, १ जुलै २०१९

चि. क्लाइव्ह यास,
अनेक आशीर्वाद.

ईस्टरपासूनचं वाचून डोळे भरून आले. शाबास, बाळा. सोबत लोकरीचे मोजे पाठवले आहेत. तिकडे त्यांचा काय उपयोग म्हणशील, पण हात रिकामे राहवत नाहीत.

लोसाचं छान जमलं. पुन्हा आली, आणि आता मर्व्ह तिच्यासाठी मऊ उशीची खुर्ची अडवून ठेवतो. पानिकेके उरत नाहीत. कसं जमलं ते भेटीत सांगेन, लिहिण्यासारखं विशेष काही नाही.

ऑस्रिक ठीक. घोडेही ठीक. बाकी सगळं जिथल्या तिथे आहे.

तुझी,
ताई

वॉटल क्रीक, ११ जुलै २०१९

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मोजे घालून स्वयंपाक करतो, मुलं हसतात. हसू देत.

तुझं पत्र एवढंसंच होतं, म्हणून भरपाई मीच करतो. सोबतचा कागद शुक्रवारी सगळ्यांना वाचून दाखव. ऑस्रिकने घोड्यांपाशी काय काय केलं ते लिहिलंय. करड्या घोडीला शिंगरू झालं. ऑस्रिकने भिक्षूचा झगा फाडून त्याला पुसलं, आणि आता त्याला झगा नाही. पेटा हसून लोळेल. गेल्या कित्येक महिन्यांत मी स्वतःहून केलेली ही पहिली गोष्ट. कुणी हसलं की नाही ते नक्की कळव.

लोभाची आठवण करून द्यायची गरज नाहीच, तरी देतो.

तुझा,
क्लाइव्ह

बर्नी, २२ जुलै २०१९

चि. क्लाइव्ह यास,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

ऑस्रिक मेला आहे. मी मारला. जूनमध्येच.

लोसा दुसऱ्यांदा आली तेव्हा दारातच म्हणाली की पेटाच्या आग्रहाखातर आले, आजच्यापुरतीच. आणि मर्व्हने बसता बसता पुन्हा दोराची चौकशी सुरू केली. मला काही सुचेना. मी तिच्या हातात एक चिठ्ठी सरकवली: तुझ्या कमरेला ऑस्रिक नावाच्या भिक्षूची जपमाळ आहे, शत्रूच्या शिपायांनी त्याला मारलं, तो तुझ्या मांडीवर गेला, आणि जाताना या लोकांना शोध म्हणाला. लोसाने ते डोळ्यांदेखत घडल्यासारखं सांगितलं. मर्व्हने फासे खाली ठेवले आणि चष्मा पुसत बसला. मग उठून त्याने ईलाचा दोर सोडल्याचं सांगितलं आणि खरोखरीच्या लोसाला खरोखरीची उशी आणून दिली. ऑस्रिकबद्दल तुला विचारलं असेलच, असं दोघांनी गृहीत धरलं, आणि मी गृहीत धरू दिलं.

मला वाटलं होतं तुला हळूच सांगेन. मग तुझं पायरीवरचं पत्र आलं. ते वाचूनही मी ऑस्रिक ठीक आहे असं लिहिलं, क्लाइव्ह. स्वतःच्या हाताने लिहून पाकिटाला थुंकी लावली.

शिंगराचा कागद मला वाचवेना. पेटाने तो माझ्या हातातून घेतला आणि मोठ्याने वाचायला लागली, अर्ध्यावर थांबली. लोसाने विचारलं, क्लाइव्ह कोण? ऑस्रिक हे तिला गोष्टीतलं नुसतं एक नाव वाटलं होतं, कुणाचं पात्र नव्हे. सगळं कळल्यावर तीच म्हणाली, सोपं आहे, ईला खोटं बोलली म्हणा, माळ चोरलेली होती, त्या माणसाला जिवंत करा. मर्व्ह म्हणाला की ईला खोटारडी ठरली तर तिला टोळीत जागा नाही, तिथे आपलं-परकं चालत नाही. लोसा म्हणाली, बरं, मी जाते. आणि खरंच पर्स उचलायला लागली. मी तिला दारातून परत आणलं.

आता तू म्हणशील तसं. मला लोभ मागायचा हक्क नाही.

नॉरीन

वॉटल क्रीक, १ ऑगस्ट २०१९

ती. ताईस,
नमस्कार.

ऑस्रिकला मेलेलाच राहू दे. त्याला उठवायचं तर लोसाला चोर ठरवावं लागेल, आणि ज्या बाईचे पानिकेके तुम्ही पहिल्या दिवशी चाखले नाहीत तिला आता चोर ठरवू नका.

मला राग ऑस्रिकचा नाही. म्हणजे आहे, खोटं कशाला बोलू. पण तू विचारलं असतंस तर मी कुरकुरत का होईना, हो म्हटलं असतं. एका नव्या माणसाला जागा मिळावी म्हणून मरणं हे ऑस्रिकला शोभलंच असतं. राग याचा की मी मेलेल्या माणसाची खुशाली विचारत होतो आणि तू ती कळवत होतीस. मी त्याचा झगा फाडला, ताई. तू तो कागद उघडलास तेव्हा तुला काय वाटलं असेल ते मनात आलं, आणि मग वाटलं, बरंच झालं वाटलं ते.

पत्र आलं त्या संध्याकाळी मी शेडमध्ये गेलो. बियरचा डबा हातात घेतला. उघडला नाही. तुझ्यासाठी नव्हे, पहाटे कणीक तिंबायची होती म्हणून.

सप्टेंबरअखेर येईन, पण शुक्रवारी नाही. माझी खुर्ची अडवून ठेवू नका. लोभाचं नंतर बघू.

क्लाइव्ह

बर्नी, ९ ऑगस्ट २०१९

श्री. क्लाइव्ह यांस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही आणि तरी मी तुमचा जीव घेतला आहे, म्हणून लिहिते. मरण कसं सांगायचं ते मला कामामुळे माहीत आहे. मी तुमच्या भिक्षूला आमच्या आश्रमातल्या एका आजोबांचं मरण दिलं. घाईचं नव्हतं, दुखलं नाही, हात माझ्या हातात होता. तो कुणाचा तरी आहे हे माहीत असतं तर तुम्हाला बोलावून घेतल्याशिवाय त्याला जाऊ दिलं नसतं. आम्ही नातेवाइकांना आधी कळवतो.

तुमच्या ताईंनी गेल्या शुक्रवारपासून चहासुद्धा नीट केलेला नाही. हे त्यांच्या बाजूने म्हणून लिहीत नाही, जे दिसलं ते लिहिते. परकीवर थोडा लोभ ठेवता आला तर बघा.

लोसा

बर्नी, २० ऑगस्ट २०१९

चि. क्लाइव्ह यास,
आशीर्वाद, तुला चालत असतील तर.

खेळ बंद केला आहे. मी सगळ्यांसमोर कबूल केलं की तुला विचारलं नव्हतं आणि नंतर खोटंही लिहिलं. मर्व्हने माझ्यापुढचे फासे गोळा केले. मग म्हणाला, जी बाई गैरहजर माणसाला मारते तिने जग चालवू नये. पेटाने मान डोलावली. लोसाने माझ्या हातावर हात ठेवला, ते मला सगळ्यात जड गेलं.

जग आता तुझं. नकाशे, फासे, सगळं खोक्यात भरून तुझ्या खोलीत ठेवलं आहे. चालव किंवा जाळ, मी विचारणार नाही. चालवलंस तर मी एक पात्र केलं आहे. म्हातारी आहे, हत्यार नाही, विद्या नाही, कुणाच्या उपयोगाची नाही. तिला आत घ्यायचं की नाही ते तू ठरव. घेतलं नाहीस तर मी चहा करीन आणि दुसऱ्या खोलीत बसेन.

तुझी, आहे तशी,
ताई

वॉटल क्रीक, ३० ऑगस्ट २०१९

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खोकं जाळू नकोस. सप्टेंबरअखेर आलो की मी चालवतो. लोसाला वेगळं पत्र लिहिलं आहे.

तुझी म्हातारी त्यांना कोठडीत सापडेल, बांधलेली. मर्व्ह दोर आवळेल, मी त्याला अडवणार नाही. तिची सगळी संध्याकाळ त्यात गेली तर जाऊ दे. ते विचारतील ते विचारू देत, मला एकच विचारायचंय: मेलेल्या माणसाची खुशाली का कळवलीस. उत्तर आधी ठरवून येऊ नकोस. या वेळी चिठ्ठी सरकवायला कुणी नसेल. खरं बोललीस तर दोर मी स्वतः सोडीन.

लोभ आहे. तो कमी झाला असता तर एवढं लागलंच नसतं.

तुझा,
क्लाइव्ह