शिवणीत गेलेली गोधडी

१२ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आई-बाबांना वाचून दाखवशील तेव्हा गोधडीचं सगळं गाळ. मागे मी अर्धी झाली म्हणून कळवलं, ते खोटं होतं. जेमतेम उशी झाकेल एवढीच झाली आहे.

परदेशी जाताना तू सगळं घर पांघरायला न्यावंस, ही कल्पना माझीच. बाबांचा बस चालवतानाचा शर्ट, आईचा फुलाफुलांचा गाऊन, दादाचा तो भडक नारिंगी सदरा, तुझा निळा फ्रॉक, सगळं हक्कानं मागून घेतलं. आलेखाच्या कागदावर षटकोन आखले, डबल बेडचं माप हिशेबानं बसवलं आणि सगळे कपडे एकदम कापून मोकळी झाले. शिवायला बसले तेव्हा कळलं, शिवणीसाठी कडेला पट्टी सोडायचीच राहिली. प्रत्येक तुकडा सगळीकडून आत जातो आणि गोधडी शिवावी तशी आक्रसते. रोज शिवते, रोज उसवते. खोलीतली मैत्रीण म्हणते, पदवी क्षेत्रफळात मिळवलीस आणि गोधडी शिवणीत घालवलीस.

घरातली पहिली पदवीधर, तीही गणिताची, म्हणून एवढी मिरवले, आता तुला तोंड कसं दाखवू? रागव, पण माया आटवू नकोस.

तुझी,
धाकटी


१९ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तू गाळ म्हणालीस, मी गाळलं. पण आई कान टवकारून बसलेली. गोधडीचं काहीच कसं नाही, म्हणाली. माझ्या तोंडून निघून गेलं, पाऊण झाली. आता तू रविवारी येशील तेव्हा बघायला तिनं शेजारणींना बोलावलंय. दादा विचारतो, गोधडी दारातून आत येईल का, की भिंत पाडायची. बाबांना एवढंच हवंय, त्यांचा शर्ट कुठे लावलास, मधे की कडेला. खोटं तू बोलायचं आणि निस्तरायचं मी, ही आपली लहानपणापासूनची वाटणी.

मला व्हिसा मिळाला. महिनाअखेरीस निघायचं. थंडीचं भय नाही गं, तिथे ब्लँकेटं मिळतात. पण तुझे भावोजी सकाळी कामाला गेले की संध्याकाळपर्यंत मी एकटी, भाषाही येत नाही. दिवस कसा ढकलायचा याचीच धास्ती वाटते. आईला हे कळू देऊ नकोस. उशीएवढी तर उशीएवढी, घेऊन ये. पुन्हा मात्र मला थापा मारायला लावू नकोस.

तुझी वाट पाहणारी,
ताई


२३ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माझ्यापायी तू खोटं बोललीस, हे वाचून मान खाली गेली. हे पत्र सगळ्यांसमोर वाच आणि यातलं काही गाळू नकोस.

आई, गोधडी पाऊण नाही, अर्धीही नाही. माझं माप चुकलं आणि मी ते लपवलं. ताईनं माझी लाज राखली, तिला बोलू नकोस. शेजारणींना येऊ दे. आहे तेवढी टेबलावर अंथरून दाखवीन, आणि कुणी विचारलं तर कशी बिघडली तेही सांगेन. दादा, पायपुसणं म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणून घे.

बाबा, तुमचा शर्ट मधे आहे. कात्री पहिल्यांदा त्याच्यावरच चालवली. निवृत्तीच्या दिवशी तुम्ही तोच घातला होता, हे मला ठाऊक होतं. तरी कापला, कारण मी त्याचं काहीतरी मोठं करणार अशी मला खात्री होती. चुकले.

ताई, इथे थांब. पुढचं मनात वाच. उरलेले तुकडे सुईदोऱ्यासकट तुझ्या बॅगेत घालणार आहे. भावोजी कामावर गेले की काढत जा. टाका अगदी काठाशी घाल, म्हणजे कापड कमी आत जाईल. घाई करू नकोस, दिवसाला दोन जोडलेस तरी पुष्कळ.

गप्प का झालीस म्हणून आईनं विचारलं तर सांग, शेवटी सगळ्यांना नमस्कार लिहिलाय. तो आहेच.

तुझी,
धाकटी