पिवळ्या टमाट्यांचं पहिलं पान

लातूर, मार्गशीर्ष शुद्ध ४, शके १८६२

तीर्थरूप सौ. सौदामिनीताईस चंद्रप्रभाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

दुसरेपणावर दिलं म्हणून तू रडत नांदेडला परतलीस, पण मी मजेत आहे. हे शाळेत मुदर्रिस, म्हणजे मास्तर, असले तरी घरात आवाज चढवत नाहीत. परसात मोरीच्या पाण्यावर पिवळ्या टमाट्यांचं झाड आहे. ते विशाखाबाईंनी, म्हणजे यांच्या पहिल्या बायकोनं लावलेलं. त्या गेल्या, तरी यंदा आपोआप उगवलं. तांबडे टमाटे मांसासारखे दिसतात म्हणून सासूबाई घरात येऊ देत नाहीत; पिवळे चालतात. पण निवडायचे कसे? कच्चा घेतला तर तुरट, फार पिकला तर नुसतं पाणी. तू सुगरण, तूच सांग.

इथली रीत अशी की विशाखाबाईंची मूर्ती उठवलेला चांदीचा टाक माझ्या गळ्यात असतो. नवं काही रांधलं की पहिलं पान टाकापुढे ठेवायचं आणि मग गाईला घालायचं. तुझ्या खादाड बहिणीच्या अगदी जिवावर येतं गं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी चंद्रप्रभा

नांदेड, मार्गशीर्ष वद्य १

चि. सौ. चंद्रप्रभास अनेक उत्तम आशीर्वाद.

हळदीच्या रंगाचे घे. देठाशी हिरवी कड नको, आणि हातात जड लागले पाहिजेत. पिवळे मुळात गोडसर, तेव्हा गूळ घालू नकोस. चिंचेचं थोडं पाणी घाल. करडीच्या तेलात जिरं, मिरची परतून वर दाण्याचं कूट. ही चटणी भाकरीशी छान लागते.

रीत मात्र पाळ. लहानपणी गौरीच्या नैवेद्यातली करंजी पळवलीस आणि आईचा धपाटा खाल्लास, ते आठव. गौरीनं पोर म्हणून सोडून दिलं. गेलेल्या बाईचं काही सांगता येत नाही.

थट्टा केली, राग मानू नकोस.

तुझी ताई

लातूर, पौष शुद्ध ६

ती. सौ. ताईस शि. सा. नमस्कार, वि. वि.

चटणी केली. पहिल्या दिवशी गाय दाराशी नव्हती, वास तर असा सुटला होता की टाकापुढचं पान मीच खाल्लं. मग रोजच खाऊ लागले.

तू कारळं सांगितली नव्हतीस. आपल्या घरी ती कधी आलीही नाहीत. तरी माझ्या हातांनी ती भाजली आणि कुटून घातली. यांनी एक घास घेतला आणि ताटावरून उठले. अशी चटणी या घरात एकच बाई करायची, असं सासूबाई म्हणाल्या. आता टमाटे निवडायला बघावंही लागत नाही. डोळे मिटले तरी हात बरोबर फळावर जातो. काल सासूबाईंनी चुकून विशाखा म्हणून हाक मारली आणि मी ओ दिली.

तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. ताई, ती करंजीची गोष्ट मला आठवत नाही. आईचा चेहराही आठवेना. मला फार भीती वाटते. घेऊन जा.

चंद्रप्रभा

नांदेड, पौष वद्य २

चि. सौ. चंद्रप्रभास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. आमचे हे रजा काढून तुला आणायला निघताहेत. तोवर त्या पानाला शिवू नकोस, गाईलाच घाल. रोज माझं नाव घे, आईचं घे, स्वतःचंही घे. आईमागे तुला मी वाढवलं. तुझ्यावाचून मला माहेर उरत नाही.

जिवाला जप.

तुझी ताई

लातूर, पौष वद्य ८

सौ. सौदामिनीबाई यांस सा. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. यजमानांनी येण्याची तसदी घेऊ नये. इथे न्यायला कुणी राहिलेलं नाही.

यंदा टमाटे भरपूर आलेत. हे आता पोटभर जेवतात, सासूबाईही खूश आहेत. आपल्या बहिणीला मी काही कमी पडू देत नाही. टाक गळ्यात आहेच, फक्त आता तो तिचा. हळदीच्या रंगाचे, हातात जड लागणारे टमाटे निवडते आणि तिच्या पानापुरती चटणी आपल्या कृतीनं वेगळी करते. तिला तीच चव आवडायची.

पहिलं पान तिच्यापुढे ठेवते आणि लगेच उचलून गाईला घालते. त्यातला एक घासही मी खात नाही.

तिच्यावर होता तो लोभ आता माझ्यावर असावा.

सौ. विशाखा