डाव्या बाजूची हाक

प्रिय ताई,

तुझ्या दारापासून माझं दार चाळीस पावलांवर, आणि तरी ‘हा मला पत्र लिहितो!’ म्हणून तू आधी हसशील. म्हातारपणी चळ लागला म्हणशील. पण तुझा उजवा कानही गेल्यापासून आपलं सगळं बोलणं पाटीवर चालतं, आणि पाटीवर ‘दूध तापलं’, ‘डॉक्टर उद्या’ एवढंच मावतं. मला जे सांगायचंय ते लिहून लगेच पुसण्यासारखं नाही. ओरडून सांगावं, तर तू सोडून सगळे ऐकतील. तेव्हा भिंग घे आणि खिडकीशी बसून सावकाश वाच.

रविवारचा पाहुणा गेल्यापासून आमच्याकडे दुसरा विषय नाही. तो लेकीचा हात धरून, काठी टेकत फाटकातून आला, तेव्हा तू बंद ट्रॅक्टरच्या बॉनेटवर तळवा टेकून उभी होतीस. मी त्याला म्हटलं, हाक मारून उपयोग नाही, तिला ऐकू येत नाही. तो म्हणाला, “ठाऊक आहे. माझ्यादेखतच गेला तो कान.” आणि पुढे होऊन त्यानं बोटाच्या पेरानं त्या पत्र्यावर ठोकलं. दोनदा, थोडं थांबून एकदा. तू मान वळवली नाहीस. तळवा तसाच ठेवून म्हणालीस, “पाय वाचला का रे तुझा?” सदुसष्ट वर्षांनी. मी तिथंच पायरीवर बसलो.

तू आत चहा टाकायला गेलीस, तेव्हा त्यानं आम्हाला सांगितलं. लष्करात तू गाडी चालवायचीस एवढं आम्हाला माहीत होतं. कुठली गाडी विचारलं की तू म्हणायचीस, “चार चाकांची.” तो म्हणाला, पूल उडाला होता, जखमींच्या गाडीत नऊ जण होते, त्यातला तो सगळ्यांत लहान, एकोणीस वर्षांचा, पायाला गोळी लागलेला. तू गाडी नदीच्या उथळ पाण्यात घातलीस. पलीकडे चढताना डाव्या बाजूला गोळा फुटला. तुझ्या कानातून रक्त गळ्यापर्यंत आलं, आणि मागचं कण्हणं तुला ऐकू येईना. मग तू मागे वळून त्याला सांगितलंस, “माझ्या पाठीमागच्या पत्र्यावर ठोकत राहा. सगळे जिवंत असतील तोवर दोन आणि एक. ठोका चुकला की मी थांबेन.” तुझी पाठ पत्र्याला टेकलेली होती, त्या पाठीनं तू ऐकत होतीस. सात तास त्यानं ठोकलं. दोनदा ठोका चुकला, दोनदा तू थांबलीस, मागे जाऊन कुणाची पट्टी आवळलीस, कुणाला पाणी पाजलंस. नऊच्या नऊ पोचले. दुसऱ्या दिवशी कानात कापूस कोंबून तू त्याच वाटेनं पुन्हा गेलीस. तो म्हणाला, “आम्ही देवाचं नाव विसरलो होतो, हिची पाठ दिसत होती तेवढी पुरे होती.”

सूनबाईच्या हातातली बशी तशीच राहिली. तीस वर्षं ती म्हणत आली की आत्याबाईंना डावीकडून हाक मारली तर ओ द्यायचा कमीपणा वाटतो. गावानंही तुला कर्नलबाई नाव ठेवलं ते त्यावरूनच. हुकूम सोडायची सवय, दुसऱ्याचं ऐकायची नाही, असं चावडीवर बोलायचे. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मला मात्र कानाचं नवल वाटलं नाही. बाकीचं नव्हतं माहीत. कान माहीत होता.

आई गेली आणि तू कायमची घरी आलीस, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. तू आल्या आल्या मला गोठ्यामागे नेलंस, आपल्या उजव्या बाजूला बसवलंस आणि सांगितलंस, “बारक्या, या डाव्या कानानं मला ऐकू येत नाही. बाबांना सांगू नको. एक कान कमी म्हटलं की लोक अख्खी बाई कमी धरतात. मला दुधाची गाडी मिळणार नाही.” मी शपथ घेतली. कुणीतरी मला एवढं मोठं समजलं होतं.

दुधाची गाडी तुला मिळाली. पहाटे बारा गाई पिळायच्या, कॅन चढवायचे, अठरा गोठ्यांचं दूध डेअरीवर पोचवायचं आणि माझी शाळा भरायच्या आत परत येऊन माझा डबा भरायचा. बाबा छातीच्या दुखण्यानं चार वर्षं अंथरुणावर होते, त्यांच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाहीस. गुरांच्या साथीत आपल्या सात गाई गेल्या, तेव्हा खड्डे तूच खणलेस, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांच्या गोठ्यात चुना मारायला गेलीस. गावातल्या निम्म्या पोरी तुझ्याकडे गाडी शिकल्या. चौऱ्याऐंशीव्या वर्षी शिडीवरून पडून मनगट मोडलं, तर डॉक्टरांना म्हणालीस, “उजवं आहे ना शाबूत? मग गाईला काय कळतंय.” मी तुझ्या सावलीत वाढलो, माझं लग्न झालं, मुलं झाली, बायको गेली, आणि अजूनही तुझ्याकडे बघितलं की मला मान वर करावी लागते. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला डोंगर रोजचाच असतो. रविवारी कुणी परका येऊन उंची सांगून गेला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. पाहुण्याच्या लेकीनं पाटीवर तुला विचारलं, ‘लग्न का नाही केलंत?’ तू वाचलंस, हसलीस आणि म्हणालीस, “कुणी विचारलंच नाही, बाई.” सगळे हसले. मी कप गोळा करायच्या निमित्तानं उठलो.

विचारलं होतं, ताई. आपल्याकडे साथीच्या वर्षी यायचा तो गुरांचा डॉक्टर आठवतो? साथ संपली तरी तो येत राहिला, आणि तू पांढरा ब्लाउज इस्त्री करून ठेवायला लागलीस. मी बारा वर्षांचा होतो, मला सगळं कळत होतं. एका दुपारी तो चांगले कपडे घालून आला. तू हौदाशी कॅन घासत होतीस, डावी बाजू फाटकाकडे आणि उजव्या कानाशी कॅनचा खडखडाट. त्यानं तुला हाक मारली. मग धीर करून तिथूनच म्हणाला, “मी बाबांशी बोलायला आलोय. आपल्या दोघांचं. तुमचं मन असेल तरच आत जातो.” तू कॅन घासत राहिलीस. त्यानं पुन्हा हाक मारली. त्याचा चेहरा उतरला. मी पेंढीवर बसलो होतो. त्यानं मला हळूच विचारलं, “तुझ्या ताईनं ऐकलं नाही का रे?” मी फक्त खरं बोलायला हवं होतं, किंवा उठून तुझ्या खांद्याला हात लावायला हवा होता. मी म्हणालो, “ऐकलंय तिनं. नको असलं की ती वळत नाही.” तो गेला. संध्याकाळी तू विचारलंस, कुणी आलं होतं का? मी म्हटलं, नाही. महिन्याभरात त्यानं बदली मागून घेतली. तू दोन-चार वेळा रस्त्याकडे पाहिलंस, मग पाहणं सोडलंस.

तुला दिलेली शपथ पाळली, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. आई गेली होती, बाबा खाटेवर होते, आणि तूही जाशील म्हणून मी घाबरलो होतो. मी तुला ठेवून घेतलं. तुझ्या आयुष्याचं आम्हाला जे नवल वाटतं, त्यातलं निम्मं माझ्या एका वाक्यानं तुझ्या माथी आलं. क्षमा मागायला मला तोंड नाही. फक्त एवढंच, की कुणी विचारलंच नाही असं समजून तू राहू नयेस. एका भल्या माणसानं, दिवसाउजेडी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तुला विचारलं होतं.

तुझाच,
बारक्या